पाण्याने स्टील कापणारं मशीन घ्यायचंय? आधी तास मोजा

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा जे लोकलमध्ये चढल्यावर इअरफोन शोधत बसलेत, त्यांच्यासाठी हा आपल्या एपिसोडचा लिहिलेला अवतार. बोललो तसंच ठेवलंय. फक्त पन्नास वेळा आलेलं "ॲक्च्युअली" आणि मध्येच वाजलेली आईच्या कुकरची शिट्टी काढून टाकली आहे.

आजचा विषय थोडा वेगळा आहे. मी दिवसभर कोड लिहितो, पण आमच्या घरात पैसा आला तो लोखंडातून. गोरेगाव पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये बाबांचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. हॉटेलच्या किचनची टेबलं, लिफ्टचे पॅनल, एसएसचं रेलिंग, सोसायट्यांच्या नावाची पितळी अक्षरं अशी कामं. तुमच्यापैकीही बऱ्याच जणांच्या घरी असा गाळा असेल आणि वडील कधीतरी तुमच्यासमोर ब्रोशर टाकून म्हणतील, "तू इंजिनिअर आहेस ना, बघ जरा हे." हा एपिसोड त्या दिवसासाठी.

नेस्कोमधून आलेलं ब्रोशर

आमच्याकडे तो दिवस एका रविवारी उजाडला. नेस्कोला मशीनचं प्रदर्शन होतं. नेस्को म्हणजे मूळची न्यू स्टँडर्ड इंजिनिअरिंग कंपनी. आज आपण जिथे लग्नाच्या खरेदीची प्रदर्शनं बघायला जातो, तिथे आधी कारखाना होता. बाबा तिथून दोन पिशव्या भरून कागद घेऊन आले. डोळ्यात चमक. म्हणाले, "अरे, पाण्याने पंचवीस एमएमची प्लेट कापली माझ्यासमोर. हात लावला तर प्लेट गार!"

ते मशीन वॉटरजेट. बाबा अशी कामं बाहेर जॉबवर्कला देतात. माल टेम्पोत घालून वसईला पाठवायचा, चार दिवस थांबायचं, त्यात एखादा तुकडा चुकला की परत फेरी. त्यामुळे स्वतःचं मशीन असावं हे त्यांचं जुनं स्वप्न. स्टॉलवरच्या माणसाने तीन कोटेशन दिली होती आणि "ऑफर महिनाअखेरपर्यंत" असंही सांगितलं होतं. बाबा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. राहता फ्लॅट बँकेकडे ठेवून कर्ज काढायचं, असं त्यांनी मनात जवळजवळ ठरवलं होतं. आईला अजून सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "बाबा, मला चार रविवार द्या." त्या चार रविवारी मला जे कळलं, ते आता सांगतो.

पाणी कापतं कसं?

घरच्या नळाला साधारण एक ते तीन बार दाब असतो. गाडी धुवायच्या प्रेशर वॉशरला शंभर-दीडशे बार. वॉटरजेटला सुमारे ४,००० बार. ब्रोशरमध्ये ६०,००० पीएसआय लिहिलेलं असतं, ते म्हणजे साधारण ४,१०० बार. एवढ्या दाबाचं पाणी पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरच्या छिद्रातून बाहेर पडलं की त्याचा वेग आवाजाच्या दुपटीहून जास्त होतो.

पण खरी गंमत पुढे आहे. नुसत्या पाण्याने रबर, फोम, गॅस्केट, पुठ्ठा कापतो. धातू, दगड, काच कापायची तर पाण्यात गार्नेट मिसळावं लागतं. गार्नेट म्हणजे लालसर, टोकदार, कडक वाळू. पाणी फक्त तिला पळवतं, कापते ती वाळू. ही युक्ती अमेरिकेतल्या फ्लो कंपनीत मोहम्मद हशीश यांनी १९७९-८० च्या सुमारास विकसित केली आणि १९८३ मध्ये असं पहिलं व्यावसायिक मशीन गाडीच्या काचा कापायला विकलं गेलं.

म्हणजे मशीन एकच, पण त्यात तीन गोष्टी झिजतात. पाण्याचं बारीक छिद्र, म्हणजे ऑरिफिस. त्याखालची वाळू-पाणी एकत्र बाहेर सोडणारी नळी, म्हणजे मिक्सिंग ट्यूब. आणि पंपाचे सील. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे खिशातून पैसे याच तिघांसाठी जाणार आहेत.

आधीचा प्रश्न: वॉटरजेटच हवं का?

तिसऱ्या रविवारपर्यंत मी पंपांची तुलना करत बसलो होतो. मग लक्षात आलं की पहिला प्रश्न मी विचारलाच नाही.

तुमचं काम मुख्यतः एक ते सहा एमएमच्या एसएस-एमएस शीटचं असेल, तर वॉटरजेट घेऊ नका. फायबर लेझर तेच काम कितीतरी पटीने लवकर करतो. वॉटरजेट तिथे बसने जाणाऱ्या माणसासारखा आहे, तर लेझर फास्ट लोकल. जाड एमएस प्लेट आणि कडेची फार फिकीर नाही, तर प्लाझ्मा स्वस्त पडतो.

वॉटरजेट जिंकतो तो चार ठिकाणी. एक, जाडी: पंचवीस, पन्नास एमएम आणि पुढे. दोन, उष्णता चालतच नाही अशी कामं: कडेला रंग बदलला, प्लेट वाकली, हार्डनेस बदलला तर पार्ट फुकट. तीन, लेझरला त्रास देणारा माल: पितळ, तांबं, ॲल्युमिनियमच्या जाड प्लेटा, आणि पीव्हीसी, जी लेझरने कापली की विषारी वायू सुटतो. चार, धातू नसलेलं सगळं: ग्रॅनाइट, मार्बल, काच, रबर, कॉम्पोझिट. फक्त टफन्ड काच नाही. ती कशानेही कापायला गेलात तरी तुकडे तुकडे होते, त्यामुळे आधी कापायची आणि मग टफन करायची.

मी बाबांची सहा महिन्यांची चलनं जमिनीवर मांडली. लेझरचा ढीग वेगळा, वॉटरजेटचा वेगळा. लेझरचा ढीग गुडघ्याएवढा, वॉटरजेटचा बोटभर. बाबांनी दोन्ही ढिगांकडे बघितलं आणि म्हणाले, "पण पैसे मिळतात ते या छोट्या ढिगात." तेही खरं होतं. पितळी अक्षरं आणि जाड फ्लँज यांतच त्यांचं मार्जिन होतं. म्हणून पुढे गेलो.

पंप: हा मशीनचा जीव

मध्यम बजेटमध्ये दोन प्रकारचे पंप भेटतात.

पहिला इंटेन्सिफायर. हायड्रॉलिक तेल साधारण २०० बारने मोठ्या पिस्टनला ढकलतं, त्याला जोडलेला प्लंजर वीसपट लहान. म्हणून पाण्यावर दाब वीसपट, म्हणजे ४,००० बार. चाल संथ असते, जेट बंद असला तरी पंप दाब धरून ठेवतो, आणि पुढे दुसरं हेड लावायची सोय राहते. तोटा असा की बरीच वीज तेल तापवण्यात जाते. ते तेल थंड करायला वेगळं पाणी किंवा चिलर लागतो.

दुसरा डायरेक्ट ड्राइव्ह. गाडीच्या इंजिनसारखा क्रँक, त्यावर तीन प्लंजर. तेलाचा मधला टप्पा नाही, त्यामुळे तेवढ्याच विजेत जास्त पाणी बाहेर पडतं. ढोबळ मानाने इंटेन्सिफायरमध्ये मोटरच्या ताकदीतली साठ-सत्तर टक्के नोझलपर्यंत पोहोचते, तर यात ऐंशीच्या आसपास. पण प्लंजर भराभर चालतात, त्यामुळे सीलची देखभाल शिस्तीने करावी लागते.

ओमॅक्सची ओळख डायरेक्ट ड्राइव्हसाठी, केएमटीची इंटेन्सिफायरसाठी, फ्लो दोन्ही बनवते. भारतीय आणि चिनी मशीनमध्येही दोन्ही प्रकार दिसतात. अनेकदा टेबल एका कंपनीचं आणि पंप दुसरीचा असतो. त्यामुळे कोटेशनमध्ये पंपाचं नाव आणि मॉडेल लिहून मागा. "इम्पोर्टेड पंप" एवढंच लिहिलेलं असेल तर ते पान परत द्या.

३० एचपी की ५० एचपी? ५० एचपीचा पंप साधारण ३.८ लिटर पाणी मिनिटाला सोडतो, ३० एचपीचा सव्वादोनच्या आसपास. तोच पार्ट ५० एचपीवर ढोबळ मानाने दीडपट वेगाने होतो. पण वाळू आणि वीजही त्याच प्रमाणात जास्त खातो. म्हणजे पार्टमागे चालू खर्च जवळपास तेवढाच. मग ५० एचपी कधी घ्यायचा? तुमचे तास भरून वाहत असतील तेव्हा. रिकाम्या मशीनचा वेग वाढवून उपयोग काय?

आणि ६,००० बार? वेग वाढतो, पार्टमागे वाळू वाचते, हे खरं. पण सील, फिटिंग, नळ्या यांच्यावर ताणही तसाच येतो. पहिलंच मशीन, एकच ऑपरेटर आणि सर्व्हिस इंजिनिअर दुसऱ्या शहरात, अशी परिस्थिती असेल तर ४,००० बारवरच थांबा.

टेबल, हेड आणि माझा आवडता भाग: सॉफ्टवेअर

टेबलचा साइज तुमच्या मालावरून ठरवा. चार बाय आठ फुटांची शीट पूर्ण बसायला हवी. पाच बाय दहाची मागवत असाल तर १,५०० बाय ३,००० एमएमचं टेबल लागेल. एका बाजूने उघडं टेबल असेल तर प्लेट चढवायला सोपं जातं.

वॉटरजेटचा कट वरून खाली अगदी सरळ नसतो. वर थोडा रुंद, खाली अरुंद, असा किंचित उतार येतो. हळू कापलं की उतार कमी होतो. पाच ॲक्सिसचं हेड स्वतः तिरपं होऊन तो भरून काढतं. पण त्याची किंमत मोठी. पार्ट पुढे मशीनिंगला जाणार असेल किंवा वेल्ड होणार असेल, तर तीन ॲक्सिस पुरतं. आमच्या चलनांत उताराची तक्रार किती वेळा आली होती? सहा महिन्यांत दोनदा.

आता सॉफ्टवेअर. स्टॉलवर याकडे कोणी बघत नाही, पण रोजचा वेळ इथेच वाचतो किंवा जातो. जेट लवचीक असतो. हेड पुढे जातं तेव्हा जेटचं खालचं टोक थोडं मागे राहतं. म्हणून कोपऱ्यावर वेग कमी करावा लागतो, नाहीतर कोपरा खाली गोल येतो. चांगलं सॉफ्टवेअर धातू, जाडी आणि हवी ती फिनिश सांगितली की हे वेग स्वतः ठरवतं. साधं सॉफ्टवेअर सगळीकडे एकच वेग लावतं आणि मग ऑपरेटर अंदाजाने आकडे बदलत बसतो.

तीन प्रश्न विचारा. डीएक्सएफ फाइल सरळ उघडते का? एका शीटवर वेगवेगळे पार्ट आपोआप बसवून देतं का? आणि लायसन्स कायमचं की दरवर्षी पैसे? डाँगल हरवला तर काय, हेही विचारा. आमच्या एका कोटेशनमध्ये नेस्टिंग वेगळ्या किमतीला होतं, आणि ते चौथ्या पानावर बारीक अक्षरात.

गाळा, वीज, पाणी आणि आपला पावसाळा

हे ब्रोशरमध्ये कधीच नसतं.

टेबलच्या खाली पाण्याची टाकी असते. ३ मीटर बाय दीड मीटर, पाणी ६० सेंटिमीटर धरलं तर २,७०० लिटर. म्हणजे २.७ टन नुसतं पाणी. वर लोखंड, स्लॅट, प्लेट आणि तळाशी साचलेली वाळू. आपल्याकडे इस्टेटमधले कितीतरी गाळे पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर असतात. तिथे हे मशीन ठेवायचा विचार स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी उत्तराशिवाय करू नका. आमचा गाळा तळमजल्यावर आहे, पण मध्ये पोटमाळ्याचा खांब येतो. टेबल बसलं असतं, पण दहा फुटी शीट चढवायला जागा उरली नसती. हे बाबांना कुणी सांगितलं? दोरी आणि खडू घेऊन जमिनीवर आखल्यावर आमच्या मिस्त्रींनी.

वीज: ३० एचपी म्हणजे २२ किलोवॅटची मोटर, ५० एचपी म्हणजे ३७. वर चिलर, कॉम्प्रेसर. तुमच्या बिलावर सँक्शन्ड लोड लिहिलेला असतो, तो आधी बघा. वाढवायचा असेल तर त्याचे पैसे आणि वेळ मशीनच्या हिशोबात धरा.

पाणी: मुंबईत पालिकेचं पाणी तलावांचं, त्यामुळे बरंच मृदू. वसई-भिवंडीकडे बोअरिंग किंवा टँकरवर चालत असाल तर टीडीएस तपासून घ्या. क्षार जास्त असले की ऑरिफिस आणि सील लवकर जातात. म्हणून सरळ आरओ लावावं का? तर तेही पंपाचं मॅन्युअल वाचून. अति शुद्ध पाणी धातूच्या भागांना खातं. आणि मे महिन्यात छतावरच्या टाकीतलं पाणी हाताला चटके देतं. गरम पाण्याने सीलचं आयुष्य घटतं. त्यामुळे इनलेट पाणी किती अंशापर्यंत चालेल, हे लेखी घ्या.

पावसाळा: गार्नेट कोरडंच हवं. ओलं झालं की गुठळ्या होतात, बारीक नळीतून वाळू येणं थांबतं आणि नुसतं पाणी प्लेटवर बसतं. मी जुलैमध्ये वसईला एका जॉबवर्कवाल्याकडे पूर्ण दिवस बसलो होतो. त्यांच्या गोण्या जमिनीवर रचलेल्या, भिंतीला ओल. चार तासांत मशीन तीनदा थांबलं. एक ग्रॅनाइटची फरशी त्यात गेली, कारण वाळू मध्येच तुटली आणि पाण्याच्या नुसत्या दाबाने दगडाचा पापुद्रा उडाला. लाकडी पॅलेट आणि झाकणाचे ड्रम, एवढाच उपाय होता.

एका तासाचा हिशोब

आता मुख्य भाग. वही काढा. दर मी उदाहरणासाठी धरलेत, तुम्ही तुमचे टाका.

तास म्हणजे जेट चालू असलेला तास. ऑपरेटर आठ तास गाळ्यात असतो, पण प्लेट चढवणं, झिरो घेणं, पार्ट काढणं यात वेळ जातो. आठपैकी चार तास जेट चालला तर चांगलं चाललंय समजा.

३० एचपीचा पंप, वाळू मिनिटाला ३०० ग्रॅम. तासाला १८ किलो. किलोला २५ रुपये धरले तर ४५० रुपये. वीज सगळी मिळून २६ युनिट, १० रुपयांनी २६०. मिक्सिंग ट्यूब ८,००० रुपयांची आणि ८० तास टिकली तर तासाला १००. ऑरिफिस, सील, फिल्टर मिळून १२०. स्लॅट बदलणं आणि गाळ उपसणं ७०. बेरीज १,००० रुपये.

बघितलंत? सगळ्यात मोठा खर्च विजेचा नाही, वाळूचा आहे. म्हणून गार्नेट कुठून येतं हे विचारा. आपल्याकडे ते मुख्यतः तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून येत आलंय. २०१३ मध्ये तमिळनाडू सरकारने तिथलं खाणकाम थांबवलं तेव्हा या मालाच्या पुरवठ्याचा प्रश्न उभा राहिला होता. ऑस्ट्रेलियाचं गार्नेटही मिळतं, महाग पण एकसारखं. स्वस्त वाळूत धूळ आणि मोठे खडे असले की नळी चोक होते. दहा टक्के वाचवायला गेलात आणि पार्ट गेला तर सगळं गेलं.

आता महिन्याचा ठरलेला खर्च, जो मशीन बंद असलं तरी होतोच. समजा ३० लाखांचं कर्ज, ११ टक्के, पाच वर्षं. हप्ता सुमारे ६५,००० रुपये. ऑपरेटर २५,०००. एएमसी आणि बाकी १०,०००. झाले १ लाख.

बाहेर जॉबवर्कचा दर तासाला २,००० पडतो असं धरलं, तर स्वतःच्या मशीनवर चालू खर्च वजा जाता तासाला १,००० वाचतात. म्हणजे १ लाख भरून काढायला महिन्याला १०० तास. पंचवीस दिवस, रोज चार तास. तिथे तुम्ही फक्त बरोबरीत येता. नफा एकशे एकाव्या तासापासून.

मी बाबांच्या छोट्या ढिगातली चलनं तासांत बदलली. महिन्याला सरासरी २६ तास.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे चौऱ्याहत्तर तास दुसऱ्यांची कामं शोधायची." मी म्हटलं, "हो. म्हणजे आपण फॅब्रिकेटर राहणार नाही, जॉबवर्कवाले होणार. ते करायचंय का तुम्हाला?"

आणखी दोन गोष्टी याच वहीत लिहा. १०० तास म्हणजे १.८ टन वाळू आत येते आणि तेवढीच ओला गाळ होऊन बाहेर पडते. तो कोण नेणार? शिसं किंवा तसा धातू कापला असेल तर तो गाळ कुठेही टाकता येत नाही. आणि मशीनवर १८ टक्के जीएसटी. त्याचं क्रेडिट मिळतं, पण पैसे आधी जातात.

डेमोला जाताना

घ्यायचंच असेल तर डेमोला स्वतःची फाइल आणि स्वतःची प्लेट घेऊन जा. त्यांची तयार फुलं आणि मोर बघू नका. पन्नास एमएमचा चौकोन काढा, आत एक भोक, एक तीक्ष्ण कोपरा. तुमच्या नेहमीच्या जाडीत.

कापायच्या आधी हॉपरमधली वाळू तोला, नंतर परत तोला. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. वर्नियरने वरून मोजा, खालून मोजा. मग तोच पार्ट त्यांच्या सगळ्यात चांगल्या फिनिशमध्ये कापायला सांगा. खडबडीत कट आणि गुळगुळीत कट यांच्या वेळेत सहज तीन-चार पटींचा फरक पडतो. स्टॉलवर वेग पहिल्याचा सांगतात आणि नमुना दुसऱ्याचा दाखवतात.

नंतर विचारा: सील किट, मिक्सिंग ट्यूब, चेक व्हॉल्व्ह यांचा साठा कुठल्या शहरात आहे? इंजिनिअर किती तासांत येतो? दोन वर्षांहून जुने तीन ग्राहक द्या. त्यांच्याकडे मालकाशी बोलाच, पण चहाच्या टपरीवर ऑपरेटरशी जास्त बोला. मशीन महिन्यातून किती दिवस बंद असतं, हे त्यालाच माहीत असतं.

हाताची गोष्ट

हे घाईत सांगणार नाही. या जेटने बोट लागलं तर जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते. पण पाणी आणि वाळू आत खोलवर गेलेली असते. "हळद लाव, पट्टी बांध" असं करू नका. ही तातडीच्या ऑपरेशनची वेळ असते. सरळ मोठ्या हॉस्पिटलमध्ये जायचं आणि डॉक्टरांना "हाय प्रेशर इंजेक्शन इंज्युरी" हे शब्द सांगायचे. मशीनवर हे मराठीत आणि हिंदीत लिहून चिकटवा. कानाला मफ, डोळ्याला गॉगल. शक्य तिथे नोझल पाण्याखाली ठेवून कापा, आवाज बराच कमी होतो.

मग बाबांनी काय केलं?

ऑफरची तारीख गेली. पुढच्या महिन्यात स्टॉलवाल्याचा फोन आला, ऑफर अजून होतीच!

बाबांनी मशीन घेतलं नाही. अजून नाही घेतलं, असं ते सांगतात. वसईच्या एका जॉबवर्कवाल्याशी त्यांनी महिन्याला ठरावीक तासांचा करार केला, त्यामुळे दर थोडा खाली आला आणि आमचं काम रांगेत पुढे आलं. मग त्यांनी जुन्या ओळखीच्या लोकांना फोन लावले. एक मार्बल इनलेवाला, एक गॅस्केटवाला, एक नेमप्लेटवाला. त्यांची कामं ते स्वतःकडे घेतात आणि करारातल्या तासांत बसवतात.

गाळ्यात काचेखाली एक कागद आहे, माझ्या अक्षरातला. वर लिहिलंय: सलग तीन महिने १०० तास झाले की घ्यायचं. खाली मशीनचं वर्णन: ३० एचपी, ४,००० बार, तीन ॲक्सिस, पाच बाय दहाचं टेबल, सर्व्हिस मुंबई-पुण्यात, सॉफ्टवेअर कायमच्या लायसन्सचं. पोटमाळ्याचा खांब आधी हलवायचा. आणि शेवटची ओळ आईने लिहून घेतली आहे: फ्लॅट बँकेकडे ठेवायचा नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी तारणाशिवाय कर्जाला हमी देणारी सीजीटीएमएसई योजना २००० सालापासून आहे, २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटी झाली आहे. बँक आपले कागद आणि धंदा बघूनच ठरवते, पण निदान विचारायला तरी जाता येतं.

गेल्या महिन्यात ६१ तास झाले. बाबा दर एक तारखेला मला फोटो पाठवतात, वहीच्या पानाचा. सोबत काहीच लिहीत नाहीत, फक्त आकड्याभोवती लाल पेनाने गोल केलेला असतो.

तुमच्या घरी असं ब्रोशर आलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. कोटेशनवरचं कंपनीचं नाव झाकून पाठवलंत तरी चालेल, तासांचा हिशोब आपण मिळून करू. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.